एकोफिस्कचा खडू

उत्तर समुद्राच्या तळाखाली सुमारे तीन किलोमीटरवर, नॉर्वेच्या हद्दीत, खडूचा एक जाड थर आहे. 1969 साली फिलिप्स पेट्रोलियमला त्यात तेल लागलं आणि नॉर्वेचं नशीब पालटलं. या एकोफिस्क क्षेत्राच्या बॅरलांची आणि पैशांची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. मला ओढ आहे ती त्याच्या खडकाची. दगडाचा पृष्ठभाग काय काय घडवू शकतो, हे इतकं उघड करून दाखवणारा दुसरा खडक मला माहीत नाही.

आधी त्याची घडण पाहू. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळांच्या अंगावर चुन्याच्या चकत्या असतात, त्यांना कॉकोलिथ म्हणतात. एकेक चकती मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा खडू ठेवला की या गोल, नक्षीदार चकत्या दिसतात. काही अखंड, बऱ्याचशा मोडलेल्या, आणि त्यांच्यामध्ये फटीच फटी. थराचा टोर नावाचा खालचा भाग डायनोसॉर पृथ्वीवर असताना साचला, वरचा एकोफिस्क भाग ते नाहीसे झाल्यावर. चांगल्या पट्ट्यांत या खडकाचा 30 ते 40 टक्के भाग पोकळ आहे, पण पोकळ्यांना जोडणाऱ्या वाटा कमालीच्या अरुंद. अशा खडूच्या एका ग्रॅममध्ये दोन चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग भरतो. म्हणजे इथे तेल कुठेही असलं तरी दगडाच्या अंगाला जवळजवळ लागूनच असणार. पाण्याला धरायचं की तेलाला, ही दगडाची आवडनिवड इथे गौण राहूच शकत नाही.

1971 मध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा थरातल्या तेलापैकी 17-18 टक्के हाती येईल असा अंदाज होता. पाणी सोडून तेल ढकलण्याचा मार्ग जुनाच, पण या खडूला भेगा आहेत. खाली सोडलेलं पाणी सोपी वाट धरणार, भेगांतून पळत सुटणार आणि भेगांच्या मधल्या ठोकळ्यांतलं तेल जागच्या जागी राहणार, ही भीती रास्त होती. ते तेल बाहेर काढायला दाब पुरेसा नव्हता. खडकानेच पाणी आपणहून आत ओढून घ्यायला हवं होतं.

खडक तसं करतो की नाही, हे पाहण्याचा अ‍ॅमॉट यांचा 1959 सालचा प्रयोग माझ्या फार आवडीचा. काचेचं एक भांडं, त्याला वर मापाच्या खुणा असलेली बारीक नळी. तेलाने भरलेला दगडाचा दंडगोल भांड्यात ठेवायचा, पाणी भरायचं आणि हात बाजूला घ्यायचे. पंप नाही, दाब नाही. दगड पाणीप्रेमी असेल तर हळूहळू त्याच्या अंगाला घाम फुटावा तसे तेलाचे थेंब उमटू लागतात. एखादा थेंब फुगतो, क्षणभर अडतो, सुटतो आणि वर जाऊन नळीत जमा होतो. खडूच्या सूक्ष्म छिद्रांनी पाणी शोषलं म्हणून त्याला बाहेर यावं लागलं. थेंब यायचे थांबले की नळीवरची खूण वाचायची, मग जोर लावून पाणी ढकलायचं आणि आणखी किती तेल निघतं ते मोजायचं. निघालेल्या एकूण तेलात आपणहून आलेला वाटा किती, तो निर्देशांक. तो एकच्या जवळ असेल तर दगड पक्का पाणीप्रेमी. शून्य आला तर दगडाने पाण्याला दारातही उभं केलं नाही.

चुनखडक मुळात पाण्याला धरतो. तो बिघडतो तेलाच्या संगतीने. कच्च्या तेलातल्या आम्लांचं एक टोक ऋणभारित असतं, आणि थरातल्या परिस्थितीत खडूचा पृष्ठभाग बहुधा धनभारित. आम्लं तिथे जाऊन चिकटतात आणि दगडावर तेलाची बाजू घेणारं अतिशय पातळ अस्तर चढतं. एवढ्याने खडकाचा स्वभाव फिरतो.

एकोफिस्कमध्ये 1987 पासून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडायला सुरुवात झाली. पाणी समुद्राचं, कारण चहूबाजूंनी समुद्रच होता. पुढे स्टाव्हांगर विद्यापीठात टोर ऑस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडूवर प्रयोग केले, तेव्हा या पाण्याचं मोल कळलं. त्यातले सल्फेटचे ऋण आयन खडूवर जाऊन बसतात आणि त्याचा धनभार कमी करतात. मग कॅल्शियमला जवळ यायला वाव मिळतो आणि तो आम्लाला सोडवून नेतो. तापमान चढलं की मॅग्नेशियमही या कामात उतरतो. एकोफिस्कचा थर 130 अंश सेल्सियसच्या घरात तापलेला, म्हणजे या रसायनाला अनुकूलच. हाताशी होतं म्हणून वापरलेलं पाणी दगडाचा स्वभाव सुधारणारं निघालं. या विषयातला एवढा सुंदर योगायोग मला दुसरा आठवत नाही.

पण हा खडू सगळं फुकट देत नाही. तेल काढल्यावर दाब उतरला, थर दबला आणि समुद्राचा तळ खचला. 1984 मध्ये हे ध्यानात आलं. 1987 मध्ये तेल काढणारे समुद्रातले फलाट जॅक लावून सहा मीटर उचलावे लागले. पाण्याने दाब सावरल्यावरही खचणं लगेच थांबलं नाही, कारण जे पाणी तेल सोडवतं तेच कणांमधला जोड ढिला करतं.

यावरून पाणीप्रेमी खडकच सर्वांत चांगला, असं मात्र समजू नये. अमेरिकेतल्या ईस्ट टेक्सास क्षेत्रात उरणारं तेल इतकं कमी का, याचा उलगडा 1973 मध्ये सलाथिएल यांनी केला. तिथल्या वालुकाश्माची बारीक छिद्रं पाणीप्रेमी राहिलेली, मोठी छिद्रं तेलप्रेमी झालेली. मोठ्या छिद्रांच्या भिंतींवर तेलाचा अखंड पापुद्रा टिकतो आणि त्या वाटेने तेल सावकाश निथळत राहतं. निव्वळ पाणीप्रेमी वालुकाश्मात अरुंद गळ्याशी पाण्याची कड फुगते आणि तेलाचा धागा तुटतो. तुटलेला थेंब मग तिथेच अडकून पडतो.

तेलाच्या बाबतीत हे नुकसान आहे. त्याच उत्तर समुद्रात स्लाइपनर क्षेत्रात मात्र ते हवंहवंसं आहे. तिथे 1996 पासून नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड उत्सिरा वालुकाश्मात सोडतात, सुरुवातीच्या काळात वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. तो थेंबाथेंबांनी अडकला तर उत्तमच, आणि वरच्या शेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांनी पाणी घट्ट धरून ठेवलं तर वायूला वर जायची वाट नाही. हायड्रोजन साठवायचा तर हिशेब पुन्हा उलटतो, कारण तो परत काढायचा असतो. अडकेल तेवढा तोटा.

एकोफिस्कमधून आता निम्म्याहून अधिक तेल निघेल असा अंदाज आहे. आपल्या मुंबई हायचा मुख्य थरही चुनखडकाचाच आहे. खडूपेक्षा निराळा, पण तिथेही समुद्राचंच पाणी आत सोडलं जातं. त्याच्याबद्दल पुढे कधी वाचाल तेव्हा किती बॅरल निघाले एवढ्यावर थांबू नका. तिथला दगड पाण्याला धरतो की तेलाला, हेही विचारा.