हाली सिक्का आणि आठवणींचे वाङ्मय

हैदराबाद मुक्तिसंग्रामाविषयीच्या मराठी आठवणीपर वाङ्मयात रझाकार पदोपदी भेटतो. तो पोटासाठी काय करीत होता, हे मात्र क्वचितच कळते. धार्मिक तेढ हे या लेखनाचे प्रमुख आशयसूत्र आहे आणि ते स्वाभाविकही आहे. सरहद्दीवरील कॅम्प आणि तुरुंग यांत ज्यांचे तारुण्य गेले, त्यांनी बाजारभावांच्या नोंदी ठेवाव्यात अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तथापि अर्थव्यवहाराचे भान सुटल्याने संघर्षाचे चित्र एकपदरी झाले आहे, हे जालन्यासारखे गाव समोर ठेवले की ध्यानात येते.

१९८१ साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झालेले जालना त्या काळी औरंगाबाद जिल्ह्यातील कापसाची मोठी पेठ होते. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. रेल्वेने ही पेठ मनमाडमार्गे मुंबईशी जोडली होती. पण वाटेत संस्थानची हद्द होती, करोडगिरी होती आणि रुपयाही निराळा, हाली सिक्क्याचा होता. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर निजाम सरकारने भारतीय चलनाच्या वापरावर बंदी घातली आणि पाकिस्तानला रोख्यांच्या रूपाने २० कोटींचे कर्ज दिले. स्वतंत्र राहण्याची आकांक्षा तेव्हा अशा पेठेतल्या खतावणीपर्यंत पोचली असली पाहिजे. त्याच सुमारास पंतप्रधान झालेले मीर लायक अली हे अभियंते व उद्योगपती होते. कासीम रझवी धर्माची भाषा बोलत होता, तर लायक अलींच्या मागे भांडवलाचे जग उभे होते. आठवणींतून ऐकू येतो तो बहुधा रझवीचाच आवाज.

या वाङ्मयात पैसा येतो तो नीतिकथेच्या रूपाने. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर घातलेला छापा हे त्याचे ठळक उदाहरण. लाखोंची रक्कम हाती येऊनही कार्यकर्ते निर्लोभ राहिले, याचा अभिमान सार्थच आहे; परंतु ठेवीदाराच्या बाजूला निवेदन सहसा वळत नाही. नरहर कुरुंदकरांचे लेखन येथे वेगळे ठरते, कारण ते आठवण सांगण्यापेक्षा कारणे शोधते.

संग्रामकथेला विजयाचा शेवट लागतो. १७ सप्टेंबर १९४८ हा शेवट इतका नेमका मिळाला, की पुढील आठवडे तिच्या बाहेरच राहिले. त्या आठवड्यांत अनेक जिल्ह्यांतील निरपराध मुसलमानांच्या हत्या झाल्या, घरेदुकाने लुटली गेली. सुंदरलाल समितीने याची नोंद केली. तिचा अहवाल मात्र कित्येक दशके अप्रकाशित राहिला. लुटीचा माल कोणाच्या ओसरीवर गेला, ओस पडलेली दुकाने पुढे कोणी उघडली, हे धर्माच्या परिभाषेत विचारताच येत नाही. त्यासाठी निवेदक म्हणून एखादा मुनीम हवा, अडतीवरचा हमाल हवा. मुक्तिसंग्रामाच्या मराठी वाङ्मयात असा निवेदक अभावानेच आढळतो.