गोष्टीचा ताळेबंद

बी.कॉम. झालेल्या माणसाने साहित्यावर बोलू नये, असा एक अलिखित नियम आहे. पण ज्या साहित्यात नावे-जमेचा मेळ बसावा लागतो, तिथे तरी आम्हा बँकवाल्यांनी तोंड उघडायला हरकत नसावी. वाचकाच्या मर्जीनुसार फाटे फुटत जाणारी गोष्ट हे ते साहित्य, आणि ट्वाइन हे ती रचण्याचे अवजार. ख्रिस क्लिमस या अमेरिकन गृहस्थांनी २००९ साली ते केले आणि चक्क फुकट वाटले.

रीत सोपी. एका चौकोनात गोष्टीचा तुकडा लिहायचा. जिथे वाचकाने निवड करायची, ते शब्द दुहेरी चौकटी कंसांत घालायचे. लगेच पुढचा रिकामा चौकोन तयार, आणि दोघांमध्ये बाण! म्हणजे नावे टाकले की जमेचे खाते आपसूक उघडते. इतकी तत्परता आमच्या काउंटरवर दिसली, तर ग्राहक घाबरून परत जाईल.

पुढे मात्र हिशेब अंगावर येतो. नायकाने मुलगी बघायला जावे की नाही? दोन फाटे. पोहे खावेत की नाही? आणखी दोन. अशा दहा निवडी झाल्या, की शेवट होतात १०२४ आणि लिहायचे तुकडे २०४७. मग दमलेला लेखक फाटे गुपचूप एका रस्त्याला आणून मिळवतो. पोहे खाल्ले काय, न खाल्ले काय, पुढच्या चौकोनात नायक बोहल्यावर उभाच! वाचकाला वाटते, मीच ठरवले. याला आमच्याकडे खोटी नोंद म्हणतात.

यावर ट्वाइनमध्ये उपाय आहे. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी खाती उघडता येतात. ती परकीय चलनाची नव्हेत. वाचकाने मागे काय केले, ते लक्षात ठेवण्याची. पोहे नाकारल्याची नोंद असेल, तर सासूबाई दहा चौकोनांनंतरही टोमणा मारू शकतात. रस्ता एकच राहिला, तरी निवड फुकट जात नाही.

पण या अवजाराची खरी ताकद मला दिसली ती झोई क्विन यांच्या २०१३ सालच्या ‘डिप्रेशन क्वेस्ट’मध्ये. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाची ती गोष्ट. त्यात शहाणपणाचे पर्याय पडद्यावर दिसतात, पण त्यांवर काट मारलेली. वाचता येतात, निवडता येत नाहीत. ‘जरा मन रमव, बाहेर पड’ असे सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना एवढी एक काट पुरे. तिथे मला विनोद सुचला नाही.

एक दोष सांगतोच. ट्वाइन ब्राउझरात वापरले, तर गोष्ट त्या ब्राउझरच्याच पोटात राहते. साफसफाईच्या उत्साहात कुणी त्याचा साठा पुसला, की नायक, पोहे, सासूबाई सगळे बुडीत खात्यात. तेव्हा प्रत वेगळी काढून ठेवावी.

बाकी शेवट किती, हे मोजत बसू नये. वाचकाची एक निवड जरी गोष्टीने शेवटपर्यंत लक्षात ठेवली, तर ताळेबंद जुळला म्हणायचा.