रात्रीचे साक्षी

स्वप्नकथेविषयीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकाचें मत सहसा चांगलें नसतें. ज्या लेखकाला कथानक जुळवितां येत नाहीं तो स्वप्नाचा आश्रय घेतो, अशी त्याची समजूत असते. आणि ती सर्वस्वीं चुकीची आहे असें म्हणवत नाहीं. स्वप्नांत वाटेल तें घडूं शकतें, आणि जेथें वाटेल तें घडूं शकतें तेथें कशालाच फारसें महत्त्व उरत नाहीं. हा आक्षेप मनांत धरूनच मीं हारुकी मुराकामी या जपानी कादंबरीकाराची ‘आफ्टर डार्क’ ही कादंबरी हातीं घेतली. एका जुन्या विद्यार्थ्यानें ती मला आणून दिली होती. मूळ जपानी पुस्तक २००४ सालचें. जे रुबिन यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर २००७ सालीं निघालें. मला जपानी येत नसल्यामुळें मीं तें भाषांतरच वाचलें आहे. तेव्हां मूळ भाषेच्या गुणदोषांविषयीं बोलण्याचा मला अधिकार नाहीं. मला बोलावयाचें आहे तें रचनेविषयीं, आणि त्या रचनेंतून उभा राहणाऱ्या एका नैतिक प्रश्नाविषयीं.

कथानक थोडक्यांत असें. स्थळ टोकियो शहर. रात्रीचे ११ वाजून ५६ मिनिटें झालीं असतां कथा सुरू होते आणि सकाळीं ६ वाजून ५२ मिनिटांनीं संपते. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर घड्याळाचें चित्र आहे. मारी नांवाची १९ वर्षांची मुलगी रात्रभर उघड्या असणाऱ्या एका उपाहारगृहांत पुस्तक वाचीत बसली आहे. तिला घरीं जावयाचें नाहीं. ताकाहाशी नांवाचा, ट्राँबोन वाजविणारा एक विद्यार्थी तिला ओळखून तिच्या टेबलाशीं येऊन बसतो. तो गेल्यावर थोड्याच वेळानें काओरू ही थोराड बाई मारीचा शोध घेत तेथें येते. एके काळीं ती कुस्त्यांच्या धंद्यांत होती. आतां ती तासांच्या हिशेबानें खोल्या देणारें एक हॉटेल चालविते. तेथें मारीच्याच वयाच्या एका चिनी वेश्येला गिऱ्हाइकानें बेदम मारून, तिचे कपडेसुद्धां घेऊन पळ काढला आहे. त्या मुलीला जपानी नीट येत नाहीं. मारीला चिनी येतें. मारणारा गृहस्थ शिराकावा हा एका कंपनींत रात्रपाळीचें काम करणारा सभ्य, विवाहित कारकुनी पुरुष आहे. तो कचेरींत परत येऊन संगीत ऐकत आपलें काम पुरें करतो. घरीं जातांना दूध न्यावयाचें आहे हेंहि त्याला आठवतें. आणि या सर्वांपासून दूर, मारीची देखणी थोरली बहीण एरी दोन महिने झोंपून आहे. तिच्या खोलींतील दूरचित्रवाणीचा संच, विजेची तार जोडलेली नसतांहि, मध्यरात्रीं उजळतो.

अ‍ॅरिस्टॉटलनें शोकांतिकेचा काल शक्यतों सूर्याच्या एका प्रदक्षिणेंत बसवावा असें म्हटलें आहे. मुराकामींनीं सूर्यहि वगळून केवळ रात्र ठेवली. हा निव्वळ रचनेचा चमत्कार नाहीं. दिवसां माणसांची ओळख त्यांच्या घरावरून, कुलावरून, धंद्यावरून पटते. रात्रीं या खुणा पुसट होतात. म्हणूनच येथें परकीं माणसें एकमेकांजवळ जें बोलतात तें तीं आपल्या माणसांजवळ बोललीं नसतीं. काओरूच्या हॉटेलांत काम करणारी कोरोगी स्वतः कोणापासून तरी लपून फिरत आहे. ती मारीला सांगते कीं आठवणी म्हणजे माणसाच्या जिवंत राहण्याचें जळण, मग त्या थोर असोत वा क्षुद्र. ताकाहाशी न्यायालयांत बसून पाहिलेल्या एका खुनाच्या खटल्याची हकीगत सांगतो. आरोपी आणि आपण यांत उंच भिंत आहे असें त्याला प्रथम वाटत होतें. पुढें ती भिंत कागदासारखी पातळ वाटूं लागली. त्याचा बाप एके काळीं तुरुंगांत होता, हें कळल्यावर या बोलण्याला निराळेंच वजन येतें. हे संवाद साधे आहेत, आणि पुस्तकाचें खरें सामर्थ्य त्यांतच आहे.

मराठी वाचकाला रात्र हा विषय नवा नाहीं. मर्ढेकरांनीं १९४२ सालींच ‘रात्रीचा दिवस’ लिहून मनाच्या अखंड प्रवाहाला मराठी कादंबरींत जागा करून दिली. परंतु मर्ढेकरांची वाट माणसाच्या मनाच्या आंत जाते. मुराकामींची दृष्टि हट्टानें बाहेरच राहते. सारी कादंबरी ‘आम्ही’ या पदानें सांगितली आहे. हे ‘आम्ही’ म्हणजे लेखक आणि वाचक मिळून झालेली एक अशरीरी दृष्टि. ती शहरावरून पक्ष्यासारखी फिरते, खोलींत शिरते, निजलेल्या मुलीच्या चेहऱ्याशेजारीं थांबते. मात्र कशालाहि स्पर्श करण्याची तिला परवानगी नाहीं. चेहरा न दिसणारा एक पुरुष पडद्यापलीकडून एरीकडे टक लावून पाहत असतो. पुढें ती मुलगीच पडद्याच्या आंत ओढली जाते आणि तेथल्या रिकाम्या खोलींत जागी होते. वाचकाला ओरडावेंसें वाटतें. पण त्याला आवाज दिलेला नाहीं.

या रचनेचे दोष मोकळेपणें सांगितले पाहिजेत. एरीच्या खोलींतील प्रकरणें लांबलीं आहेत. पडद्यापलीकडच्या खोलींत शिराकावाच्या कंपनीचें नांव असलेली एक पेन्सिल पडलेली दिसते, आणि तेवढ्या सूचनेवर वाचकानें दोन्ही कथांचा संबंध जुळवावा अशी अपेक्षा आहे. मला ती पेन्सिल अपुरी वाटली. स्वप्नालाहि स्वतःचा असा न्याय असावा लागतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मार खाल्लेली ती चिनी मुलगी थोड्याच पानांनंतर मोटरसायकलवरून नेली जाते, आणि पुन्हां दिसत नाहीं. मारीला तिच्याविषयीं जो जिव्हाळा वाटतो तो खरा आहे. परंतु तो मारीच्या मनाच्या इतिहासांत जमा होतो, त्या मुलीच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ सालीं विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह निघाला, तेव्हां मुंबईच्या अशाच रात्रीचें वर्णन त्या रात्रींत राहणाऱ्यानें केलेलें मराठी वाचकानें प्रथम ऐकलें. तो आवाज कानांत असलेल्या वाचकाला टोकियोच्या या मुलीचें मौन खटकल्यावांचून राहणार नाहीं.

मात्र अपराध्याला शिक्षा होत नाहीं, हा जो आक्षेप घेतला जाईल तो मला मान्य नाहीं. शिराकावा त्या मुलीचा दूरध्वनि एका दुकानांतील थंड कपाटांत ठेवून निघून जातो. तो वाजतो तेव्हां उचलतो तो ताकाहाशी. आणि तुला पळून जातां येणार नाहीं ही धमकी त्या निरपराध मुलाला ऐकावी लागते. हा प्रसंग वरवर योगायोगाचा आहे. परंतु भिंत कागदाची आहे असें ज्यानें म्हटलें त्याच्याच कानीं ती धमकी जावी, यांत लेखकाचा सर्व अभिप्राय आला. शहरांतील पाप एका माणसापाशीं थांबत नाहीं. जो हात पुढें करील त्याच्यापर्यंत तें पोंचतें. टोकियोच्या भुयारी रेल्वेंत १९९५ सालीं विषारी वायूचा हल्ला झाला, त्यांत सांपडलेल्या माणसांच्या मुलाखती घेऊन याच लेखकानें १९९७ सालीं ‘अंडरग्राउंड’ हें पुस्तक केलें होतें. अनोळखी माणसें एकाच अरिष्टानें कशीं बांधलीं जातात, हें त्याला कल्पनेनें शोधावें लागलें नसेल.

आतां मुख्य प्रश्न. केवळ पाहणारा मनुष्य निर्दोष असतो काय?

मी राहतों तें अंकुशनगर म्हणजे अंबड तालुक्यांतील साखर कारखान्याभोवतीं वसलेली वसाहत. येथें शहर नाहीं; पण गळिताच्या हंगामांत रात्र नसते म्हटलें तरी चालेल. कारखाना तिन्ही पाळ्या चालतो, भोंगा वाजतो, उंसाच्या गाड्या वजनकाट्यासाठीं रांगेनें उभ्या राहतात, आणि ज्यांचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत अशीं माणसें त्या गाड्यांखालीं व गाड्यांवर नंबर येण्याची वाट पाहत निजतात. नवरा-बायको मिळून येथें एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसाला हत्याराचें नांव मिळतें, हें आम्हां भाषेच्या शिक्षकांना कित्येक वर्षें खटकलेंहि नव्हतें. कांहीं वर्षांपूर्वीं पौषांतल्या एका रात्रीं, दोनच्या सुमारास, झोंप येत नव्हती म्हणून मी खिडकीशीं उभा होतों. रस्त्यावरच्या गाडीशेजारीं शेकोटीच्या उजेडांत एक पुरुष एका बाईला मारीत होता. ती ओरडत नव्हती. जवळच एक मूल उभें होतें. मीं पाहिलें, बराच वेळ पाहिलें. खालीं जावें असें मनांत आलें, आणि आपण परके, तीं नवरा-बायको, आपल्याला काय अधिकार, असेंहि मनांत आलें. हा दुसरा विचार सोयीचा होता. मीं पडदा ओढला. सकाळीं गाडी तेथें नव्हती.

ही हकीगत मीं कोणाला सांगितली नव्हती. मुराकामींच्या ‘आम्हीं’त मला ती पुन्हां भेटली. आपण केवळ दृष्टि आहोंत, स्पर्शाचा आपल्याला अधिकार नाहीं, हा त्या निवेदनाचा नियम मला कलेचा नियम म्हणून परका वाटला नाहीं; तो माझ्या खिडकीचाच नियम होता. फडके-खांडेकरांच्या काळांत ‘कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला’ हा वाद आपल्याकडे रंगला. त्या वादांत दोन्ही पक्ष असें धरून चालले होते कीं पुस्तक वाचकाला एक तर रिझवील, नाहीं तर उपदेश करील. पुस्तक वाचकाला त्याच्याच जागीं पकडील, ही तिसरी शक्यता त्या वादांत फारशी आली नाहीं.

आणि लेखक तेथेंच थांबला नाहीं, म्हणून मी या कादंबरीला मोठें मानतों. पहाटे मारी घरीं येते आणि झोंपलेल्या बहिणीच्या अंथरुणांत शिरून तिला बिलगते. लहानपणीं एकदां भूकंपामुळें उद्‌वाहनांत, काळोखांत, दोघी अडकल्या असतां एरीनें तिला घट्ट धरून ठेवलें होतें, ही आठवण तिला रात्रींच झाली आहे. सबंध रात्र ज्या देहाकडे केवळ पाहिलें गेलें त्याला प्रथमच कोणी तरी हात लावतें. येथें मला भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’चा पांचवा अंक आठवला. पद्मावती आजारी आहे असें समजून वासवदत्ता अंथरुणाच्या एका बाजूस पडते; निजलेला तर राजा निघतो. तो झोंपेंत बोलतो, ती उत्तर देते. आपण ओळखल्या गेलों तर सर्व बेत फसेल हें तिला ठाऊक आहे. तरी जातांना ती त्याचा खालीं लोंबणारा हात उचलून अंथरुणावर ठेवते. तो स्पर्श नसता तर तो प्रवेश केवळ चातुर्याचा झाला असता. शेकडों वर्षांच्या आणि समुद्रांच्या अंतरावरून दोन लेखक एकाच ठिकाणीं येऊन पोंचले आहेत: निजलेल्याला जाग येईल कीं नाहीं याची हमी नसतांहि जागत्यानें हात पुढें केला पाहिजे. एरी जागी होते कीं नाहीं, हें मुराकामींनीं सांगितलेलें नाहीं. तिचे ओठ किंचित् हालतात एवढेंच. तेवढें पुरेसें आहे.

ज्यांना कथानकाचे सर्व धागे शेवटीं बांधलेले हवे असतात त्यांची या पुस्तकानें निराशा होईल. इतरांनीं तें अवश्य वाचावें, आणि शक्य तर रात्रींच वाचावें. आरंभीं सांगितलेल्या आक्षेपाचें उत्तर मला असें मिळालें कीं स्वप्नांत वाटेल तें घडत असलें तरी तें पाहणाऱ्यावरची जबाबदारी त्यामुळें कमी होत नाहीं. यंदाचा हंगाम सुरू झाला आहे. गाड्या रस्त्यावर उभ्या राहूं लागल्या आहेत. माझ्या खिडकीचा पडदा मीं काढून ठेवला आहे. त्यानें कांहीं साधेल असा माझा दावा नाहीं; पण पुन्हां तसा प्रसंग आला तर खालीं जाण्यास पडद्याची सबब मला उरूं नये, इतकेंच.