छिन्नीची भक्ती

दिवाळीच्या अंकात थडग्यांचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण विषय थडग्यांचा तितकाच अक्षरांचा आहे. हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी बोलताना स्कॉटचे नाव आपण हटकून घेतो. त्याची पुस्तके मात्र कपाटातच राहतात. त्याच्या १८१६ सालच्या ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’चे निदान पहिले प्रकरण तरी वाचावे. पुढचा नायक मला फारच सोज्ज्वळ वाटतो. आरंभ मात्र अस्सल आहे.

स्कॉटलंडातल्या एका ओसाड दफनभूमीत एक शाळामास्तर संध्याकाळी फिरायला जातो. (आमच्या व्यवसायाला कादंबरीत असा मान क्वचितच!) हातोडीची टकटक ऐकू येते. एक म्हातारा थडग्यावर बसून शेवाळाखाली बुजलेली अक्षरे छिन्नीने पुन्हा खोल करीत असतो. शेजारी त्याचे पांढरेशुभ्र तट्टू चरते आहे. थडगी ‘कव्हेनंटर’ पंथीयांची. राजाने लादलेली धर्मव्यवस्था नाकारल्यामुळे सतराव्या शतकात ही माणसे मारली गेली. म्हाताराही सर्वस्वी कल्पित नव्हे. रॉबर्ट पॅटरसन नावाचा पाथरवट घरदार सोडून सुमारे चाळीस वर्षे हेच काम करीत हिंडला व १८०१ साली वारला.

स्कॉटचे मोठेपण असे की, तो या म्हाताऱ्यावर लोभ करतो, पण त्याच्या अधीन होत नाही. मास्तर स्पष्ट सांगतो : म्हाताऱ्याच्या गोष्टी एका पक्षाच्या; म्हणून मी दुसऱ्या पक्षाच्या आठवणींशी त्या ताडून घेतल्या. कथेच्या बाबतीत ही सावधगिरी आहे. दगडाच्या बाबतीत मात्र छिन्नी मोकळी सुटली आहे, आणि त्याबद्दल स्कॉट चकार शब्द काढीत नाही.

आजचे जाणकार ती छिन्नी पॅटरसनच्या हातून काढूनच घेतील. प्रत्येक टवक्याबरोबर मूळ पृष्ठभाग जातो आणि संशयित अक्षराच्या जागी कोरणाऱ्याचा तर्क कायम होतो. दुभंगलेला दगड सिमेंटने सांधणे हेही तसेच घातक. मऊ वालुकाश्मापुढे सिमेंट फार कठीण. ओल सांध्यातून बाहेर न पडता दगडात कोंडते, थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा चुन्याचा सांधा बरा, फार तर आत न गंजणाऱ्या पोलादाची खीळ. त्याआधी तुकडे गोळा करावेत, त्यांवर क्रमांक घालावेत, तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत. अशा उजेडात पुसट अक्षरेही उठून दिसतात. गेलेले अक्षर गेलेलेच राहू द्यावे.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत पदरची ओवी घालणाऱ्याला किती कडक शब्दांत बजावले! पॅटरसनची भक्ती खरी, यात शंका नाही. त्याच्या छिन्नीवाचून काही नावे आज वाचताही आली नसती. तरीही त्याने कोरलेल्या सुबक ओळीपेक्षा मूळ हाताचे अर्धे तुटलेले अक्षर मी अधिक मोलाचे मानीन.

पॅटरसनच्या कबरीवर दगड बसवावा, अशी स्कॉटची इच्छा होती. पण कबरच सापडली नाही. पुढे १८६९ साली स्कॉटच्या पुस्तकांच्या प्रकाशकांनी कार्लाव्हरॉकच्या दफनभूमीत त्याच्या नावाची शिला उभारली.