‘डिल्बर्ट’चे हसू

कचेरीतील जीवनावर विनोद करणे अवघड नाही. अवघड आहे ते त्या विनोदात नोकरदाराचे दुःख हरवू न देणे. स्कॉट ॲडम्स या अमेरिकन व्यंगचित्रकाराची ‘डिल्बर्ट’ ही चित्रमाला या कसोटीवर तपासून पाहण्यासारखी आहे.

एप्रिल १९८९ मध्ये ही माला सुरू झाली, तेव्हा ॲडम्स कॅलिफोर्नियातील पॅसिफिक बेल या दूरध्वनी कंपनीत नोकरी करीत होता. १९९५ पर्यंत तो तेथेच होता. १९९३ मध्ये त्याने चित्रांतून आपला ई-मेलचा पत्ता देण्यास आरंभ केला. ठिकठिकाणच्या नोकरदारांनी आपापल्या कचेरीतील हकिकती त्याला कळविल्या आणि मालेचा रोख हळूहळू कचेरीवर स्थिरावला. या उपहासाचा बराचसा कच्चा माल असा कर्मचाऱ्यांच्या अनुभवातून आलेला आहे.

तिचे सामर्थ्यही त्यातच आहे. दोन शिंगांसारखे केस उभे राहिलेला साहेब भारदस्त शब्द उच्चारतो आणि त्यांतला पोकळपणा दोन-तीन चौकटींत उघडा पडतो. मनुष्यबळ विभागाचा प्रमुख कॅटबर्ट हे चक्क मांजर आहे. माणसाला संपविण्यापूर्वी त्याच्याशी खेळण्यात त्याला मौज वाटते. असोक हा आयआयटीत शिकलेला भारतीय तरुण बुद्धीने तल्लख. परंतु शिकाऊ म्हणून त्याचे स्थान सर्वांत खाली. संगणक कंपन्यांत मुले नोकरीला असलेल्या आपल्या घरांना ही व्यथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र येथेच मालेची मर्यादाही जाणवते. नॉर्मन सॉलोमन याने १९९७ मध्ये ‘द ट्रबल विथ डिल्बर्ट’ या पुस्तकात असा आक्षेप घेतला की, ही चित्रे साहेबांची टिंगल करतात. परंतु कंपन्यांच्या सत्तेला धक्का लावीत नाहीत. हा आक्षेप मला बव्हंशी पटतो. ॲडम्सचा साहेब मूर्ख आहे, म्हणून सारा दोष मूर्खपणावर जातो. प्रत्यक्षात कर्मचाऱ्याला कमी करणारा अधिकारी पुष्कळदा हुशार असतो, सौजन्याने बोलतो आणि हिशेब चोख मांडतो. त्या हिशेबावर ही माला क्वचितच बोट ठेवते. नोकरी गेल्याच्या संध्याकाळी घरी काय सांगावे, मुलांची फी, घराचे हप्ते कसे भरावेत, हे प्रश्न तिच्या चौकटीत जवळजवळ येतच नाहीत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ॲडम्सने कृष्णवर्णीयांविषयी काढलेल्या वंशद्वेषी उद्गारांमुळे शेकडो वृत्तपत्रांनी ही माला बंद केली. ते योग्यच झाले. तथापि ज्यांनी त्याला आपल्या हकिकती कळविल्या, त्यांचे अनुभव त्यामुळे खोटे ठरत नाहीत. ‘डिल्बर्ट’ने त्यांना हसविले, हे खरे, त्यांचे पूर्ण म्हणणे मात्र अजून कोणीतरी मांडावयाचे आहे.