हे संगीत निजवण्यासाठी नाही

क्लोई झाओ यांच्या 2025 मधल्या 'हॅम्नेट' या चित्रपटाच्या शेवटी मॅक्स रिक्टर यांची 'ऑन द नेचर ऑफ डेलाइट' ही रचना येते आणि प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतात. रचना 2004 ची. 'शटर आयलंड'मध्ये ती वाजून गेली. 'अरायव्हल'मध्ये तर आरंभीही वाजली आणि अखेरीसही. तंतुवाद्यांच्या मोजक्या कॉर्ड्स फेर धरून फिरत राहतात, वर एक सूर हळूहळू चढतो आणि पडद्यावर जे दुःख चालू असेल ते त्यात मावते. कुठलेही दुःख मावते, हीच अडचण आहे. ज्या 'ब्लू नोटबुक्स' अल्बममधली ही रचना, तो इराक युद्धाच्या निषेधातून जन्मला होता. वीस वर्षांत त्या निषेधाचा मागमूस उरला नाही; उरली ती कोणत्याही चित्रपटाला चालणारी हुरहुर.

रिक्टर निदान प्रामाणिक आहेत. 2015 मधली त्यांची 'स्लीप' ही पियानो, तंतुवाद्ये, आवाज आणि इलेक्ट्रॉनिक्सची आठ तासांहून लांब रचना झोपलेल्या श्रोत्यांसाठीच आहे, असे त्यांनी उघड सांगितले. संताप येतो तो त्यांच्यामागून आलेल्या अनुकरणाचा. पियानोवर डाव्या हाताची संथ झुळझुळ, मागे तंतुवाद्यांचा मऊ पडदा, कुठेही न जाणारी चार मिनिटे. 'शांतता', 'एकाग्रता', 'निद्रा' अशा नावांच्या स्ट्रीमिंग याद्या असल्या तुकड्यांनी भरल्या आहेत. त्याहून वाईट म्हणजे जुन्या इंग्रजी रचनाही आता त्याच यादीत कोंबल्या जातात. जेराल्ड फिन्झी यांचा 'एक्लोग' आणि व्हॉन विल्यम्स यांचा 'लार्क असेंडिंग' या निजवणाऱ्या संगीताच्या शेजारी बसतात, आणि इंग्रजी संगीताची भावनिक ताकद म्हणजे हा गारवा, असा समज पक्का होतो.

तो खोटा आहे. पियानो आणि तंतुवाद्ये यांचे मुळात जमत नाही. पियानोची हातोडी तारेवर पडली की स्वर जन्मतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. वादक काहीही करो, तो स्वर पुन्हा वाढत नाही. व्हायोलिनचा स्वर गजाखाली जिवंत असतो. तो फुगतो, थरथरतो, दुसऱ्या स्वरावर घसरत जातो. एकाला आस नाही, दुसऱ्याला हातोडीचा तो घाव नाही. साधारण 1910 ते 1930 या काळात इंग्लंडमधल्या मूठभर संगीतकारांनी हा विजोडपणा झाकला नाही, त्यावरच रचना उभ्या केल्या. त्यांच्या संगीताने आजही गळा दाटतो तो यामुळे.

एडवर्ड एल्गार यांचा ए मायनरमधला पियानो क्विंटेट घ्यावा. 1918 च्या मे महिन्यात आजारपणातून उठलेले एल्गार ससेक्समधल्या ब्रिंकवेल्स या रानातल्या घरात राहायला गेले. वाऱ्याची दिशा जुळली की खाडीपलीकडच्या फ्रान्समधल्या तोफा तिथे ऐकू येत. बरीच वर्षे चेंबर संगीताकडे न वळलेल्या या माणसाने तिथे पाठोपाठ व्हायोलिन सोनाटा, स्ट्रिंग क्वार्टेट आणि हा क्विंटेट लिहिला. मग चेलो कंचेर्टो आला. लोक कंचेर्टोवर थांबतात. खरे तर क्विंटेटमध्ये एल्गार अधिक उघडे पडले आहेत.

सुरुवातच विलक्षण आहे. पियानो चर्चमधल्या जुन्या पठणासारखी एक उघडी, संथ ओळ वाजवतो. तिला कॉर्डचा आधारही नाही. खाली चारही तंतुवाद्ये तुटक, दबक्या स्वरात काहीतरी पुटपुटतात. दोघे एकाच खोलीत आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत. जवळच्या वाळलेल्या, वाकड्या झाडांबद्दल स्पॅनिश साधूंची एक दंतकथा एल्गार यांच्या मित्रमंडळीत सांगितली जाई आणि पुष्कळ टीकाकार या आरंभाचा अर्थ तिच्यात शोधत बसतात. झाडांची गरज नाही. विरून जाणारा पियानो आणि दबलेले तंतू यांच्यातली दरी कानाला पुरते. मग दुसरा भाग येतो आणि व्हिओला, जिला एरवी कोणी पुढे बसवत नाही, ती एक लांब, उबदार सूर घेऊन सुरू होते. पहिल्या भागाची अस्वस्थता सोसल्याशिवाय या अदाजोचे मोल कळत नाही. विलंबित ख्यालात आलाप लांबत जातो आणि सम जितकी उशिरा येते तितकी ती अंगावर येते, तसेच इथे होते. नुसती सम कापून कोणी ऐकवली तर जाणकार श्रोता उठून जाईल. अदाजो तोडून यादीत टाकणारे नेमके तेच करत आहेत. तिसऱ्या भागात तर एल्गार पहिल्या भागातली ती पुटपुट पुन्हा उकरून काढतात. अदाजोने सगळे मिटले, असे मानून पुढे जाणे त्यांना मंजूर नाही.

21 मे 1919 रोजी विगमोर हॉलमध्ये ही रचना वाजली. पुढच्या एप्रिलमध्ये एल्गार यांच्या पत्नी अॅलिस वारल्या आणि त्यानंतर या तोलाची मोठी कृती त्यांच्या हातून पूर्ण झाली नाही.

एल्गारपेक्षा पस्तीस वर्षांनी लहान असलेल्या हर्बर्ट हॉवेल्स यांनी 1916 मध्ये पियानो क्वार्टेट लिहिला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना काही महिन्यांचेच आयुष्य सांगितलेले होते. (हॉवेल्स 1983 पर्यंत जगले.) रचना ग्लॉस्टरजवळच्या चोझन टेकडीला आणि ती टेकडी जाणणाऱ्या आयव्हर गर्नी या मित्राला अर्पण केलेली आहे. पहिल्या भागात पहाट, दुसऱ्यात भर उन्हाळ्याचा दिवस, तिसऱ्यात मार्च महिना. वर्णन वाचले की निसर्गचित्र वाटते. पण गर्नी त्या वर्षी फ्रान्समध्ये खंदकात होता. पुढे विषारी वायूचा मारा झेलून तो परतला आणि 1922 पासून मरेपर्यंत मनोरुग्णालयात राहिला. मधल्या भागात तंतुवाद्यांची लांब वळणे पियानोच्या स्वरांना धरून ठेवू पाहतात आणि ते निसटतात. आजारी मित्राने खंदकातल्या मित्रासाठी आठवलेली ही टेकडी आहे. तिला हिरवळीचे पोस्टर समजणाऱ्याने ती ऐकलेलीच नाही.

याच घराण्यात अर्नेस्ट फरार या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या संगीतकाराचे नाव घ्यावे लागते. 1918 मध्ये तो आघाडीवर मारला गेला. त्याच्या स्मृतीसाठी फ्रँक ब्रिज यांनी पियानो सोनाटा लिहिला, आणि त्या काळात त्यांची भाषाच बदलली. ब्रिज स्वतः उत्तम व्हिओलावादक; 1910 चा त्यांचा फॅन्टसी पियानो क्वार्टेट इतका गोड की तोच त्यांच्या नावावर चालत राहिला. युद्धानंतरचा 1929 चा दुसरा पियानो ट्रायो मात्र बोचरा, काचेसारखा थंड. इंग्रज समीक्षकांना तो रुचला नाही आणि ब्रिज यांचे नाव मागे पडत गेले. आज तो ऐकला तर वाटते, त्या काळच्या इंग्लंडमध्ये इतके उघड दुःख फार थोड्यांनी लिहिले.

हाच फरार फिन्झी यांचा गुरू. वडील गेलेले, तिन्ही भाऊ गेलेले, आणि सतराव्या वर्षी गुरूही गेला. 'एक्लोग' हा त्यांच्या कधीच पूर्ण न झालेल्या पियानो कंचेर्टोचा मधला भाग. ऐन तरुणपणी लिहिलेला, पुढे दुरुस्त केलेला, आणि 1957 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रथम वाजलेला. शीर्षकही त्यांनी दिलेले नाही. पियानो एकटा सुरू होतो, बाखच्या वळणाने चालत राहतो, तंतुवाद्ये वाट पाहून सामील होतात. मध्यावर दोघे मिळून जो आवाज उठवतात तो झोपेच्या यादीत ऐकणाऱ्याला दचकवायला हवा. ज्या चोझन टेकडीला हॉवेल्स यांनी क्वार्टेट वाहिला, तिथेच 1956 मध्ये कर्करोगाने खंगलेल्या फिन्झी यांना कांजिण्यांचा संसर्ग झाला आणि काही आठवड्यांत ते गेले.

रिबेका क्लार्क यांच्या 1921 च्या पियानो ट्रायोशिवाय हे चित्र अर्धवट राहते. 1919 मध्ये अमेरिकेतल्या कूलिज स्पर्धेत त्यांचा व्हिओला सोनाटा अर्नेस्ट ब्लॉख यांच्या कृतीशी बरोबरीत आला, आणि एका बाईने हे लिहिले असेल यावर अनेकांचा विश्वास बसेना. ब्लॉख यांचेच ते टोपणनाव असावे, अशी कुजबुज झाली. ट्रायो त्याहून धीट आहे. पियानो एकाच स्वरावर घाव घालत उघडतो. हे लष्करी बिगुलासारखे ठोके तिन्ही भागांत पिच्छा सोडत नाहीत. व्हायोलिन आणि चेलो गाऊ लागले की ठोके परत येतात. युद्धावर एक शब्दही न उच्चारता लिहिलेली ही युद्धाची रचना आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. स्टॅनफर्ड यांचे चेंबर संगीत ब्रॅम्सच्या सावलीत गारठले. बॅक्स यांच्या क्विंटेटमध्ये सुंदर मिनिटे आहेत, पण फार मिनिटे आहेत. ब्रिटन यांचा 'यंग अपोलो' नुसता लखलखाट. त्यांनी स्वतःच तो मागे घेतला होता. मुंबईच्या पारशी अभियंत्याचे चिरंजीव कैखुश्रू सोराबजी यांच्या क्विंटेट्सची दाट वीण थक्क करते, हलवत नाही. 'लार्क' पहिल्यांदा 1920 मध्ये व्हायोलिन आणि पियानोवरच वाजला. तसा ऐकला तर आकाशात पंख पसरणारा सूर आणि खाली विरत जाणारा पियानो यांतली फट दिसते. ऑर्केस्ट्राने ती बुजवली.

मग आजचे काय? थॉमस अडेस यांचा 2000 चा पियानो क्विंटेट आहे. एकच भाग, जुन्या पद्धतीने आरंभखंडाची पुनरावृत्ती आणि शेवटी सगळे सामान कमी जागेत दाबून भरधाव सोडलेले. तो अवघड आहे, आणि एल्गारचा खरा वारस तोच आहे, कारण त्यात वाद्ये एकमेकांशी झगडतात आणि ऐकणाऱ्याला काहीतरी पणाला लागल्याचे कळते. हुरहुर हवी म्हणून अडेस यांनी पियानोचा पाळणा केलेला नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: दमलेल्या माणसाला विसावा हवा असेल तर त्यात वाईट काय? काहीच नाही. एल्गार यांनाही तो हवा होता. 1933 च्या अखेरीस ते अंथरुणाला खिळले असताना हॅरिएट कोहेन आणि स्ट्रॅटन क्वार्टेट यांनी केलेले क्विंटेटचे ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवले गेले. पण त्या अदाजोमागे काय सोसले होते, हे त्यांना ठाऊक होते. यादीवाले श्रोत्याला विसावा देत नाहीत. ज्यातून विसावा मिळतो तो प्रवासच काढून घेतात, आणि वर त्यालाच भावना म्हणतात. याने श्रोत्याचा कान बिघडतो. सात मिनिटांचा ताण सहन न होणारा कान 'एक्लोग'च्या मध्यावर आवाज कमी करतो.

आपल्याकडेही हे लागू आहे. एल्गार म्हटले की आपल्या मैफलींत 'सालू दामूर' पुढे येते आणि टाळ्या घेते. मुंबईत 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा आहे, आणि त्याचे संगीत दिग्दर्शक मरात बिसेनगालिएव्ह हे स्वतः एल्गारचा व्हायोलिन सोनाटा ध्वनिमुद्रित केलेले वादक आहेत. क्विंटेटला पाच माणसे आणि सुमारे 37 मिनिटे लागतात, क्लार्कच्या ट्रायोला तीन माणसे. ते संपूर्ण वाजवावेत, अदाजो वेगळा काढून नव्हे, आणि निवेदकाने आधी 'आता एक शांत करणारी रचना' असे सांगू नये.