टोपी आणि पत्नी

ऑलिव्हर सॅक्स या मेंदूविकारतज्ज्ञांचे ‘द मॅन हू मिस्टुक हिज वाइफ फॉर अ हॅट’ हे पुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले. ज्या रुग्णावरून त्याला हे नाव पडले, ते डॉ. पी. संगीताचे शिक्षक. तपासणी संपल्यावर टोपी शोधताना त्यांनी शेजारच्या पत्नीचे डोकेच धरले! वाचक हसतो, आणि मग त्याच्या लक्षात येते, की या गृहस्थांची नजर चांगली होती.

मग बिघडले काय? दृष्टीचे मुख्य ठाणे मेंदूच्या अगदी मागच्या भागात असते. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धातील जखमी सैनिकांना तपासून तात्सुजी इनोउये या जपानी नेत्रवैद्याने दृश्याचा कोणता भाग तिथे कुठे उमटतो, याचा नकाशाच मांडला. जखम डावीकडे, तर उजव्या बाजूचे दिसेनासे होते. परंतु रेषा आणि रंग दिसणे निराळे, आणि त्यांतून वस्तू ओळखणे निराळे. ओळखण्याचे काम कानशिलाकडच्या खालच्या भागात चालते. चेहऱ्यांसाठी तर तिथे खास जागा आहे.

हे शास्त्र सॅक्स प्रसंगांतून सांगतात, आणि इथे त्यांच्यातला लेखक दिसतो. डॉ. पीं.च्या हाती हातमोजा दिला, तर ते त्याच्या पाच पिशव्यांचे चोख वर्णन करतात, पण हातमोजा म्हणून ओळखत नाहीत. गुलाब डोळ्यांना कळत नाही, वासाने तत्काळ कळतो. आइन्स्टाइन ओळखू येतात ते केस आणि मिशा यांवरून. माझ्या मते कुठलाही पाठ्यग्रंथ हा भेद इतका स्वच्छ शिकवणार नाही.

माझी तक्रार आहे ती पत्नीविषयी. ती रोजचे कपडे ठरल्या जागी मांडून ठेवते. हे गुणगुणत अंघोळ करतात, गुणगुणत जेवतात, आणि गाणे तुटले की सारेच अडते. भिंतीवर त्यांची चित्रे कालक्रमाने लावलेली. आधीची हुबेहूब, नंतरची निव्वळ आकारांची. सॅक्सना त्यांत रोग वाढताना दिसतो. ती चिडून सांगते, की ही कलेची वाढ आहे. लेखक तिचे म्हणणे उडवून लावत नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण संसार जिने चालता ठेवला, तिच्या वाट्याला थोड्या ओळी आणि मथळ्यातली टोपी! कादंबरीकाराने कथा तिच्या बाजूने लिहिली असती.

आपल्यालाही जन्मभर चेहरे ओळखता आले नाहीत, हे सॅक्सनी २०१० च्या ‘द माइंड्स आय’मध्ये सविस्तर लिहिले. ते वाचून मग पहिल्या पुस्तकाकडे वळावे. मथळ्यातली थट्टा तेव्हा फारशी हसवत नाही, आणि पुस्तक अधिक जवळचे वाटते.